लॅटिनो कामगारांची बेकारी : सरकारी आकड्यात कोण मावते आणि कोण मावत नाही?

सांजवारा (धागाकर्ता)

नमस्कार. मी ह्यूस्टनला राहतो. गारपिटीने आमच्या घराचे छत फुटले, विम्याचे सोपस्कार उरकायला महिना गेला आणि शेवटी गेल्या आठवड्यात काम सुरू झाले. पाच जणांची टोळी आली. तिघे होंडुरासचे, दोघे मेक्सिकोचे. सकाळी सातला लावलेली शिडी संध्याकाळी सहालाच उतरली. जेवणाच्या सुटीत त्यांचा मुकादम, ज्याला कामापुरते इंग्रजी येते, सहज म्हणाला की यापूर्वीच्या तीन आठवड्यांत मिळून त्यांच्या हाताला चारच दिवस काम लागले होते.

त्या रात्री मी अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाचे वार्षिक आकडे काढून बसलो. 2023 मध्ये हिस्पॅनिक (सरकारी भाषेत लॅटिनो) कामगारांचा बेकारीचा दर 4.6 टक्के आणि सर्व कामगारांचा मिळून 3.6 टक्के होता. म्हणजे फरक अवघा एका टक्क्याचा. तीन आठवड्यांत चार दिवस काम मिळालेला माणूस या 4.6 मध्ये आहे की नाही, हे मला काही केल्या उमगेना. माझा असा ग्रह झाला आहे की हा आकडा लॅटिनो कामगारांची अवस्था सांगण्यापेक्षा झाकतोच अधिक. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि माझे चुकत असेल तर तेही सांगावे.

आकडेमोड

विषय चांगला काढलात. उत्तर अगदी सरळ आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

दर महिन्याला साधारण 60 हजार कुटुंबांना प्रश्न विचारले जातात आणि ते बहुतेक वेळा महिन्याची 12 तारीख ज्या आठवड्यात येते त्या आठवड्याबद्दल असतात. त्या आठवड्यात मोबदला घेऊन एक तास जरी काम केले असेल तरी तो माणूस ‘रोजगारात’ धरला जातो. काम नाही, पण गेल्या चार आठवड्यांत त्याने ते प्रत्यक्ष शोधले आहे आणि मिळाल्यास करायची तयारी आहे, तर तो ‘बेकार’. काम नाही आणि शोधलेही नाही, तर तो श्रमशक्तीतच नाही (तात्पुरते घरी बसवलेले आणि परत बोलावणे येईल म्हणून थांबलेले लोक मात्र न शोधताही बेकारच धरतात). दर काढताना बेकारांना भागायचे ते रोजगारातील आणि बेकार यांच्या बेरजेने. तिसरा गट हिशेबातून बाहेर. तेव्हा तुमच्या टोळीचे त्या चार दिवसांचे काम नेमके कोणत्या आठवड्यात पडले, यावर सारे अवलंबून आहे.

तरीही आकडा निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. तो एकाच वर्षापुरता पाहू नये, एवढेच. 2006 मध्ये हिस्पॅनिक दर 5.2 टक्के होता, 2010 मध्ये 12.5. याच काळात सर्वांचा दर 4.6 वरून 9.6 वर गेला. सप्टेंबर 2019 मध्ये हिस्पॅनिक दर 3.9 टक्क्यांपर्यंत उतरला होता, आणि त्यानंतर सातच महिन्यांनी, कोविडच्या टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, तो 18.9 टक्क्यांवर जाऊन आदळला. त्या महिन्यात सर्वांचा दर 14.7 आणि कृष्णवर्णीयांचा 16.7 होता. एरवी हिस्पॅनिक दर गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या मध्ये कुठेतरी असतो. त्या महिन्यात तो दोघांच्याही वर होता. चांगल्या दिवसांत एका टक्क्याचा दिसणारा फरक वाईट दिवसांत किती ताणला जातो, ते यावरून कळते.

वाचनमात्र

एक तास काम केले की रोजगार! मग आमच्या कार्यालयातील निम्मे लोक या व्याख्येतही बसायचे नाहीत.

सडेतोड

मला या चर्चेचा रोख पटलेला नाही. ज्या समाजाचा दर 18.9 वरून दोन-अडीच वर्षांत पुन्हा चारच्या आसपास येतो, त्याला बेकारीचा प्रश्न आहे असे कसे म्हणावे? प्रश्न आहे तो कमी मजुरीचा आणि कागदपत्रांचा. शिवाय काम नाही तर माणसे येतात कशाला? बाजार त्यांना बोलावतो म्हणून येतात, आणि बाजार उठला की त्रास होणारच. तो सगळ्यांनाच होतो.

दुर्वा

सडेतोड, दर लवकर खाली येतो या तुमच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण त्यातून तुम्ही काढलेल्या निष्कर्षाशी नाही.

मी न्यू जर्सीत दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एका वाचनालयात विनामूल्य कर विवरणपत्रे भरून देण्याचे काम करते. माझ्यासमोर बसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक इक्वाडोर, पेरू, डॉमिनिकन रिपब्लिक इकडचे असतात. 2021 च्या वसंतातली एक जोडी अजून डोळ्यांसमोर आहे. नवरा हॉटेलात भांडी घासणारा, त्याच्याकडे कागदपत्रे नव्हती. बायको अमेरिकेत जन्मलेली, एका उपाहारगृहात वाढपी. मार्च 2020 मध्ये दोघांचीही कामे एकाच आठवड्यात गेली. तिला बेकारभत्ता मिळाला आणि जुलैअखेरपर्यंत केंद्राचे आठवड्याला 600 डॉलर वरून मिळाले. त्याला एक पैसा मिळाला नाही, कारण भत्त्यासाठी ‘कायदेशीररीत्या काम करायला उपलब्ध’ असावे लागते. आणि दोघांनी एकत्र विवरणपत्र भरलेले, त्यात त्याच्याकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक नाही, म्हणून कोविडकाळातील पहिल्या सरकारी मदतीचा धनादेश तिलाही नाकारला गेला. ही तरतूद डिसेंबर 2020 च्या कायद्याने मागच्या तारखेपासून दुरुस्त झाली. तिचे राहिलेले पैसे मिळवून द्यायलाच ती दोघे माझ्याकडे आली होती.

आता मुद्द्याचे. मी त्याला विचारले की त्या वर्षात तुम्ही किती दिवस बिनकामाचे होतात. त्याने बोटे मोजली आणि म्हणाला, अकरा दिवस. बाराव्या दिवशी तो सामान पोहोचवणाऱ्या गाडीवर हमाल म्हणून निम्म्या मजुरीवर उभा राहिला होता. तिने मात्र पाच महिने वाट पाहिली आणि आपल्या जुन्या कामावर जुन्या पगाराने परतली. सांख्यिकीच्या लेखी ती पाच महिने बेकार आणि तो अकरा दिवस. दोघांपैकी हाल कोणाचे अधिक झाले, ते तुम्हीच ठरवा. बेकार राहायलासुद्धा ऐपत लागते, आणि ती ऐपत सरकारी भत्त्यातून येते.

न्यूयॉर्क राज्याने 2021 मध्ये अशा वगळलेल्या कामगारांसाठी 2.1 अब्ज डॉलरचा निधी काढला, त्यात एकेकाला कमाल 15,600 डॉलर मिळत. ऑगस्टमध्ये सुरू झालेले अर्ज ऑक्टोबरमध्ये बंद करावे लागले, कारण पैसेच संपत आले. आम्ही हडसन नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत, त्यामुळे माझ्यासमोरच्या मंडळींना त्याचा उपयोग नव्हता.

सांजवारा

दुर्वाताई, ‘ऐपत’ हा शब्द मला सापडत नव्हता. आभार.

कृष्णाकाठ

माझे आयुष्य कॅलिफोर्नियात ठिबक सिंचनाच्या धंद्यात गेले, त्यामुळे शेताच्या बाजूने थोडे लिहितो.

मेक्सिकोच्या सीमेला लागून इम्पीरियल परगणा आहे, एल सेंट्रो हे त्याचे मुख्य गाव. वाळवंटात कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून उभी केलेली शेती, आणि लोकसंख्येत लॅटिनो बहुसंख्य. बेकारीचा दर देशातील सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणांत एल सेंट्रो आणि शेजारचे ॲरिझोनातील यूमा ही दोन नावे वर्षानुवर्षे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा मागास भाग असावा. प्रत्यक्षात हिवाळ्यात देशभरच्या ताटातील लेट्यूसचा फार मोठा वाटा याच पट्ट्यातून जातो.

गोम हंगामात आहे. नोव्हेंबर ते मार्च यूमा आणि इम्पीरियलमध्ये कापणी चालते. एप्रिलपासून सगळा बारदाना, यंत्रे, टोळ्या आणि मुकादम यांच्यासकट, उत्तरेला सॅलिनासला हलतो. मधल्या काही आठवड्यांपुरते ह्यूरॉन नावाचे एक गाव जागे होते. ज्यांना बिऱ्हाड हलवता येत नाही, मुलांच्या शाळा आहेत, म्हातारी माणसे आहेत, ते उन्हाळाभर मागे राहतात; बाहेर 45 अंश तापमान असते आणि शेतात करण्याजोगे काही नसते. त्या महिन्यांत तेथील दर शिगेला पोहोचतो. दुर्वा यांच्या मुद्द्याला धरून सांगतो की यांतील अनेकांकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असते, ते भत्ता मागू शकतात, म्हणून ते आकड्यात दिसतात. हा हक्कही उशिरा आला. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातील बेकारी विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. केंद्राच्या कायद्याने मोठ्या शेतांवरील मजुरांना त्यात घेतले ते 1978 पासून.

जानेवारीतील यूमाची एक सकाळ सांगतो. मजूर सीमेपलीकडच्या सान लुईस गावातून रात्री दोन-अडीचला निघतात, कारण फाटकावर रांग असते. पाचला शेताच्या बांधावर बस येते, तिच्यामागे फिरती शौचालये जोडलेली. आणि मग सगळे थांबतात, कारण रात्री दहिवर गोठून पानांवर बर्फ धरलेला असतो. गोठलेल्या पानाला हात लावला की ते काळे पडते. ऊन वर येऊन बर्फ वितळेपर्यंत, कधी नऊ, कधी दहा वाजेपर्यंत, दीड-दोनशे माणसे हातात सुऱ्या घेऊन बसमध्ये बसून असतात. मी एकाला विचारले होते की या वेळेचे पैसे मिळतात का. तो म्हणाला, ते मुकादमावर आहे. रोजगारात असूनही बेकार असलेला माणूस पाहायचा असेल तर त्या बसमध्ये पाहावा.

वाचनमात्र

प्रतिसाद वाचून सकाळचे सॅलड घशाखाली उतरले नाही. (पत्नीने केले होते, त्यामुळे सबबही चांगली मिळाली.)

फातोर्डेकर

थोडे अवांतर, पण अगदीच विषयाबाहेरचे नाही. ‘हिस्पॅनिक’ म्हणजे नेमके कोण, हे कोणीच विचारलेले नाही.

माझे आडनाव फर्नांडिस, मूळ गाव मडगावजवळ, वास्तव्य शिकागोत. पंधरा वर्षांत मला बँकेपासून दवाखान्यापर्यंत सर्वांनी स्पॅनिशमधून पत्रे पाठवली आहेत. एका नोकरीच्या मुलाखतीत तर बाईंनी मला थेट स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारला. मी कोकणीतून उत्तर देणार होतो, पण नोकरी हवी होती.

गमतीचा भाग असा की ब्राझीलचे लोक पोर्तुगीज बोलतात म्हणून सरकारी व्याख्येप्रमाणे हिस्पॅनिक नाहीत आणि स्पेनमधून आलेला माणूस मात्र आहे. हे वर्ग फार जुने नाहीत. मूळ स्पॅनिशभाषक देशांतील असलेल्या लोकांची आकडेवारी वेगळी ठेवावी, असा कायदा काँग्रेसने 1976 मध्ये केला आणि 1980 च्या जनगणनेत हा प्रश्न सर्वांना विचारला गेला. त्यापूर्वी ही माणसे बेकार नव्हती असे नाही. ती सातत्याने वेगळी मोजली जात नव्हती. हिस्पॅनिक ही जातही नव्हे आणि वंशही नव्हे. एकाच रकान्यात मायामीतील क्युबन दुकानदार, ब्रॉन्क्समधील पोर्तो रिकन आजी आणि तुमच्या छतावरील होंडुरासचे तिघे बसतात. त्यांची सरासरी काढून काय मिळणार?

आकडेमोड

फातोर्डेकर, मुद्दा मान्य. सांख्यिकी विभाग मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन असे उपगट वेगळे देतो. पोर्तो रिकन वंशाच्या कामगारांचा दर मेक्सिकन आणि क्युबन वंशाच्या कामगारांपेक्षा साधारणपणे जास्त राहत आलेला आहे. सडेतोड यांच्या ‘प्रश्न आहे तो कमी मजुरीचा आणि कागदपत्रांचा’ या विधानाला ही मोठी अडचण आहे, कारण पोर्तो रिको हे कॅरिबियनमधील बेट अमेरिकेच्याच ताब्यात आहे आणि पोर्तो रिकन माणूस 1917 पासून जन्माने अमेरिकी नागरिक असतो.

पिंपळपान

पोर्तो रिकोचा विषय निघालाच आहे तर बेटावर औषध कंपनीत चार वर्षे काढलेल्या माणसाचे दोन शब्द. तेथे कारखाने आले ते करसवलतीमुळे. 1976 मधील करकायद्याच्या कलम 936 ने मुख्य भूमीवरील कंपन्यांचा बेटावरील नफा जवळजवळ करमुक्त केला, 1996 मध्ये काँग्रेसने ती सवलत दहा वर्षांत संपवायचे ठरवले, आणि ज्या 2006 मध्ये ती संपली त्याच वर्षी बेटाची मंदी सुरू झाली. 2010 च्या सुमारास तेथील दर 16 टक्क्यांच्या घरात होता. मग माणसे फ्लोरिडातील ऑर्लँडो, किसिमी या बाजूंना निघून गेली. सप्टेंबर 2017 मधील मारिया वादळानंतर तर लोंढाच लागला.

आता गंमत पाहा. आज बेटाचा दर सहाच्याही खाली आला आहे आणि राजकारणी तो मिरवतात. परंतु काम करणारे किंवा शोधणारे यांचे प्रौढांमधील प्रमाण तेथे 50 टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही, तर मुख्य भूमीवरील हिस्पॅनिक लोकांत ते 67 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही जास्त आहे. शोधणेच सोडून दिले की बेकारी आपोआप उतरते. शिवाय राष्ट्रीय दरात पोर्तो रिको धरलेच जात नाही. ते सर्वेक्षण पन्नास राज्ये आणि राजधानीपुरते आहे.

सडेतोड

कागदपत्रांबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो. परंतु मुख्य प्रश्न तसाच आहे. 2007 नंतर दर एवढा का चढला? कारण ही मंडळी बांधकामात एकवटलेली होती आणि घरबांधणी कोसळली. एप्रिल 2020 मध्ये का चढला? हॉटेले आणि उपाहारगृहे बंद झाली. त्या क्षेत्रातील 77 लाख नोकऱ्या एकट्या त्या महिन्यात गेल्या. हा व्यवसायाच्या निवडीचा परिणाम आहे, त्याला भेदभावाचे नाव देऊ नये.

दुर्वा

‘निवड’ हा शब्द तेवढा मागे घ्या. माझ्यासमोर बसलेल्या एका बाई इक्वाडोरमधील क्वीटोमध्ये दंतवैद्य होत्या. येथे त्या कार्यालये झाडतात, कारण परवाना मिळवायला लागणारी वर्षे आणि पैसा त्यांच्याकडे नाही. आणि एप्रिल 2020 मध्ये हिस्पॅनिक स्त्रियांचा दर 20 टक्क्यांच्या वर गेला होता, पुरुषांपेक्षाही जास्त. त्यातल्या कित्येक जणी शाळा बंद म्हणून घरी राहिल्या आणि पिंपळपान म्हणतात तशा आकड्यातूनच गळाल्या.

जुनेखोड

चर्चा वाचत होतो. एक ऐतिहासिक संदर्भ सुटला आहे म्हणून लिहितो.

सडेतोड यांनी ‘बाजार उठला की त्रास होणारच’ असे लिहिले आहे. 1929 नंतर बाजार उठला तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लॉस एंजेलिस आणि इतर ठिकाणच्या स्थानिक प्रशासनांना बेकारांच्या मदतीचा खर्च झेपेना, तेव्हा मेक्सिकन कुटुंबांना आगगाडीत बसवून सीमेपार पाठवणे त्यांना स्वस्त वाटले. फेब्रुवारी 1931 मध्ये लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता या चौकात भरदुपारी बाहेर पडायच्या वाटा अडवून लोकांची धरपकड झाली. त्या दशकात लाखो माणसे गेली, काही धाकाने, काही दडपणाने. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, नागरिक असलेली मुले फार मोठ्या संख्येने होती. कॅलिफोर्निया राज्याने याबद्दल कायदा करून माफी मागितली ती 2005 मध्ये.

आणि दहा-बारा वर्षांतच, 1942 मध्ये, युद्धामुळे हात कमी पडू लागले तेव्हा त्याच मेक्सिकोशी करार करून ब्रासेरो योजनेखाली मजूर बोलावले गेले. ती 1964 पर्यंत चालली आणि तिच्याखाली 46 लाखांच्या आसपास करारपत्रे झाली. ती बंद केली तर स्थानिकांना रोजगार मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. टोमॅटोच्या शेतांत स्थानिक माणसांऐवजी तोडणीची यंत्रे आली. कृष्णाकाठ यांना हे अधिक ठाऊक असेल.

कृष्णाकाठ

होय, प्रक्रियेच्या टोमॅटोची तोडणी पाच-सहा वर्षांत जवळजवळ सगळी यंत्रावर गेली. त्यासाठी जाड सालीचा वाणच डेव्हिसच्या विद्यापीठात तयार केला होता. लेट्यूसचे तसे अजून झालेले नाही, म्हणून ती बस अजून येते. आता तिच्यात हंगामी एच-2ए परवान्यावर आलेले लोक वाढत आहेत, अलीकडे वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक जागांना मंजुरी मिळते. काम संपले की त्यांना परत जावे लागते, त्यामुळे त्यांची बेकारी अमेरिकेच्या खात्यावर पडतच नाही. ती मेक्सिकोतील मिचोआकानच्या एखाद्या खेड्यात पडते.

सांजवारा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण काल त्याचे उत्तर हाती लागले. गॅरेजवरचे छत राहिले होते, म्हणून मुकादम मोजमाप घ्यायला आला होता. मी त्याला चहा दिला आणि आकडेमोड यांची व्याख्या समोर ठेवून, 12 तारखेच्या आठवड्यात टोळीतील प्रत्येक जण काय करत होता ते विचारून घेतले.

मुकादमाने स्वतः मंगळवारी अर्धा दिवस एका घराची जुनी कौले ट्रकमध्ये भरून दिली. दुसऱ्याला शुक्रवारी एक दिवस भिंत रंगवायचे काम मिळाले. तिसऱ्याने मावसभावाच्या खाणावळीत दोन रात्री भांडी घासली. चौथा सहाही दिवस पहाटे साडेपाचपासून इमारतीच्या सामानाच्या दुकानाबाहेरील मजूर अड्ड्यावर उभा होता आणि सहाही दिवस रिकाम्या हाताने परतला. पाचवा पाठ धरल्यामुळे महिनाभर खोलीतच पडून होता आणि त्याने काम शोधले नाही.

म्हणजे सांख्यिकीप्रमाणे तिघे रोजगारात, एक बेकार आणि पाचवा हिशेबातच नाही. मुकादमाला मी हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ विचारात पडला आणि मग हसून म्हणाला की अड्ड्यावर उभा राहिला त्याला निदान कोणीतरी मोजले. पाठीवाल्याला सांगू नका, त्याला वाईट वाटेल.

आकडेमोड

चौघांत एक, म्हणजे टोळीचा दर 25 टक्के. पाठीवाला अड्ड्यावर जाऊन नुसता उभा राहिला असता तर 40.

वाचनमात्र

आणि गॅरेजचे छत कधी होणार?

सांजवारा (धागाकर्ता)

गुरुवारी. पाऊस नसला तर. चौघेच येणार आहेत.